कबरीचा भोवरा आणि बँकेची करवत

आमच्या सान्ता रूफिनाच्या बँकेत शिरलं की डाव्या हाताला काचेच्या पेटीत एक करवत ठेवलेली दिसते. तिचे दोन दात मोडलेले आहेत. अठ्ठावन्न साली बँक उघडली तेव्हा टाइपरायटर शाळेतून उसना आणला होता, तिजोरी पाद्र्यांच्या बहिणीने दिली होती, पण करवत मात्र बँकेने स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली वस्तू होती. कारण गावाची शिल्लक बांबूत होती. घराच्या खांबाला लागून एक जाड बांबू, त्याला वर एक चीर, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी त्यात नाणी टाकायची. मनिलाच्या उत्तरेकडची आम्ही इलोकानो माणसं चिकट म्हणून देशभर चेष्टा होते, ती काही उगाच नाही. पहिल्या दिवशी लोक खांद्यावर बांबू घेऊन रांगेत उभे राहिले, आणि माझे सासरे, औषधांच्या दुकानाचे मालक आणि बँकेचे पहिले चेअरमन सेफेरिनो रागासा, सगळ्यांचे 'आपो' म्हणजे साहेब, सदऱ्याच्या बाह्या वर करून एकेक बांबू कापत होते. काउंटरवर भुसा आणि चिल्लर एकत्र पडत होती. ही हकिगत त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितली.

गेल्या वर्षी बँकेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका निघाली. तिच्यात सगळ्या चेअरमनांचे फोटो आहेत, करवतीचाही आहे. ओनोराता गालिनातोचा नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "त्या कधी संचालक नव्हत्या ना." खरं आहे. ती बँकेची जनावरं पाहणारी होती.

आता हे पद कोणाला कळायचं नाही. त्या काळी गावात तारण ठेवण्यासारखी एकच वस्तू असायची, घरचा रेडा किंवा म्हैस. मालकीचा दाखला बँकेत ठेवायचा आणि कर्ज न्यायचं. पण दाखल्यावरचं जनावर आणि समोरचं जनावर एकच, हे कसं ओळखणार? तापलेल्या लोखंडाचा डाग घराण्याचा असतो, एकाच घरच्या पाचही जनावरांवर तोच. शिंगं वाढतात, मोडतात. अंगावरचे केसांचे भोवरे मात्र जन्मभर जागा सोडत नाहीत. म्हणून दाखल्यावर भोवरे लिहायची पद्धत: कपाळावर एक, डाव्या फऱ्यावर एक, असं. आणि तालुक्यात भोवऱ्यांची जाण असलेला एकच माणूस होता, आम्ब्रोसिओ गालिनातो, गुरांचा हेड्या. तो बँकेच्या पगारात मावणारा नव्हता. म्हणून सासऱ्यांनी त्याची बावीस वर्षांची मुलगी मागून घेतली. बापाच्या मागे गुरांच्या बाजारात हिंडून हिंडून तिचे डोळे बापासारखेच तयार झाले होते.

मी सहासष्ट साली सून होऊन आले तेव्हा ती तिशीची होती. मी तिला मानांग ओनोर म्हणू लागले, थोरली बहीण म्हणून. उंच, हाडाने मोठी, पायात रबरी बूट, हातात छत्री. ती छत्री पाऊस-उन्हासाठी नव्हतीच. त्या छत्रीने ती जनावराच्या अंगावरचा चिखल खरवडायची. रेड्याभोवती एक फेरी मारायची, त्याच्याशी काहीतरी पुटपुटायची, आणि मग कारकुनाला एका दमात सांगायची. तिने एकदा पाहिलेलं जनावर ती विसरत नसे. माणसं विसरायची. माझ्या नवऱ्याला ती पाच वर्षं त्याच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत होती.

दुसऱ्या वर्षी, सदुसष्ट साली, वाळवी लागली.

बँक तेव्हा नगरपालिकेच्या मागच्या खोलीत होती. मधल्या भिंतीला इकडून आमचं कपाट टेकलेलं, तिकडून पालिकेचं. मार्चमध्ये कारकुनाने एक दाखला काढायला कपाट उघडलं तर फायलींच्या पाठी जशाच्या तशा उभ्या आणि आत माती. पलीकडच्या कपाटातही तेच. एकशे चाळीस जनावरांचे दाखले आणि त्यांची पालिकेतली नोंद, दोन्ही एकाच भिंतीतल्या वाळवीने खाल्ली होती. आणि बारा दिवसांनी मनिलाहून तपासनीस यायचे होते. तारणाचे कागद नाहीत म्हणजे तारण नाही, आणि तारण नाही म्हणजे बँकेला टाळं. शेजारच्या गावची बँक अशीच दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती.

सासऱ्यांनी त्या रात्री जेवण टाकलं नाही, कारण अन्न टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण पिनाकबेटच्या भाजीतली कारली त्यांनी न बोलता खाल्ली, यावरून मी काय ते समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसतच उठले.

"सूनबाई, आपण वाचलो. दर वर्षी आपण मनिलाला यादी पाठवतो ना, डाग आणि भोवऱ्यांची? ती त्यांच्याकडे आहे. तपासनीस यादी घेऊन येतील, लोक जनावरं घेऊन येतील. चौकात उभी करू, यादीशी ताडून पाहू, नवे दाखले करू. वाळवी मनिलापर्यंत पोचलेली नाही."

तार गेली, उत्तर आलं: कल्पना मान्य, जनावरं स्वच्छ धुऊन आणावीत. साऱ्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी ही बातमी सांगायला ओनोरकडे पळत गेले. ती मागच्या अंगणात खारवलेल्या मासळीच्या बगूँगचं मडकं उन्हात सरकवत होती. तिने ऐकलं, मडकं होतं तिथेच ठेवलं, आणि म्हणाली, "धुऊन?"

"हो. स्वच्छ धुऊन."

"मग झालंच."

तेव्हा तिने मला बसवून घेतलं आणि सांगितलं. जनावराच्या मागच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला भोवरा असला तर आमच्याकडे त्याला कबरीचा भोवरा म्हणतात. असं जनावर तीन वर्षांत मालकाला खातं, हा समज. त्याला अर्धाही भाव येत नाही. जागा अशी की रेडा चिखलात डुंबला की दिसत नाही, आणि ज्याच्या घरी आहे तो त्याला सदा चिखलातच ठेवतो. आणि आमच्या पालिकेची रीत अशी की दाखला झाला की कारकून तो चौकात मोठ्याने वाचून दाखवतो, कुणाची हरकत आहे का म्हणून.

"एकोणसाठ साली बिबियाना आली," ओनोर म्हणाली. "नवरा जाऊन महिना झाला होता. रेड्याच्या मांडीवर तो भोवरा. मी तो लिहिला असता तर चौकात वाचला गेला असता. नवऱ्याला खाल्लेलं जनावर दावणीला ठेवलंय म्हणून बायकांनी तिला नदीवर पाणी भरू दिलं नसतं. मी नाही लिहिला. मग एकदा नाही लिहिला म्हटल्यावर दुसऱ्याचा कसा लिहू? तो काय कमी गरजू होता?"

"किती आहेत असे?"

"सतरा."

मी मनात हिशेब केला. यादीत दोन भोवरे आणि धुतलेल्या रेड्यावर तीन. सतरा वेळा. तपासनीस काय समजेल? बँकेने जनावरं बदलली, कर्जं खोटी. वाळवीने कागद खाल्ले हीसुद्धा बनवाबनवी.

"आणि मी खरं सांगितलं," ती म्हणाली, "तर तो म्हणेल, अर्ध्या भावाच्या जनावरावर पूर्ण कर्ज दिलंत, म्हणजे बँकेला फसवलंत. मी फसवलेलं नाही. त्यांची किंमत पूर्ण आहे. पण ती का पूर्ण आहे, ते सांगायचं माझ्या हातात नाही."

ते कोणाच्या हातात होतं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघी नाताळच्या तुपिगसाठी, त्या तांदळाच्या गोड वड्यांसाठी, केळीची पानं पुसत बसलो होतो, तेव्हा सांगितलं. त्याच संध्याकाळी ती बापाकडे गेली होती. म्हातारा ओट्यावर बसून तंबाखूच्या पानाची चिरूट वळत होता.

"तातांग, कबरीच्या भोवऱ्याची जनावरं तुम्ही अर्ध्या भावात घेता. डोंगरापलीकडे केवढ्याला विकता?"

"तू बाजारात यायचीस तेव्हा डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं. तोंड नाही."

"मी तेरा वर्षांची असताना पाहिलंय. पूर्ण भावाला. तिकडे तो भोवरा कुणी बघतसुद्धा नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"चौकात सांगायची परवानगी हवीय."

म्हाताऱ्याने चिरूट पेटवली. "पोरी, हे घर, तुझं शिक्षण, तुझ्या आईचं दफन, सगळं त्या अर्ध्या भावावर झालंय. सांगितलंस तर या गावात मला कुणी पाणी विचारणार नाही. मी मेल्यावर सांग."

"तपासनीस मंगळवारी येतोय, तातांग. तुम्ही सोमवारपर्यंत मरणार आहात का?"

"प्रयत्न करीन," म्हातारा म्हणाला, आणि आत निघून गेला.

तिने मग सोळा घरी जाऊन स्वतः सांगितलं: मी तुमचा भोवरा लपवला होता, मंगळवारी तो दिसेल, विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण नाव ठेवायचं तर मला ठेवा. कुणी रागावलं, कुणी नुसती मान हलवली. सतराव्या घरी, बिबियानाकडे, दारातूनच उत्तर मिळालं.

"माझा रेडा, कापितान, आजारी आहे."

"मगाशी नदीत डुंबताना पाहिला मी."

"म्हणूनच आजारी पडला. जा आता."

मंगळवारी सकाळी चौकात उभं राहायला जागा नव्हती. एकशे चाळीसातली एकशे एकोणचाळीस जनावरं, धुतलेली, काळीभोर, शिंगांना तेल लावलेली, जशी काही लग्नालाच निघालीत. बिबियाना नव्हती. तपासनीस विल्यारुस नावाचे, सडपातळ गृहस्थ, पांढऱ्या बुटात. दहा मिनिटांत त्यांनी बुटांकडे बघणं सोडून दिलं. माणूस नेटका होता. प्रत्येक जनावराभोवती स्वतः फिरत होता, यादीवर बोट ठेवून मोजत होता. सासरे मागे मागे छत्री धरून. ओनोर पुढे. मी आमच्या दुकानाच्या पायरीवर होते, तिथून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पहिली बावीस बरोबर जुळली. तेविसावा ताता सेल्मोचा रेडा.

"यादीत दोन भोवरे आहेत," विल्यारुस म्हणाले. ते वाकले. "मला तीन दिसताहेत."

ताता सेल्मो जमिनीकडे बघू लागला. सासरे यादीत डोकावले, मग रेड्याकडे, मग ओनोरकडे.

"तिसरा मी लिहिला नव्हता," ओनोर म्हणाली. आवाज रोजचाच, जनावर सांगताना असतो तसा. "असे अजून सोळा आहेत. सगळे मी जाणूनबुजून गाळले. चेअरमनसाहेबांना ठाऊक नाही, कारकुनाला नाही."

"ओनोर," सासरे हळूच म्हणाले. एवढंच.

विल्यारुसनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावणं मला अजून दिसतं. "का गाळले?"

"कबरीचा भोवरा आहे, आपो. चौकात वाचला असता तर ही माणसं इथे राहू शकली नसती."

माणसांत कुजबुज झाली आणि चारी बाजूंनी लोक अर्धं पाऊल मागे सरले, रेड्यापासून आणि ताता सेल्मोपासूनही.

"अशा जनावराला बाजारात काय भाव येतो?"

"इथे? अर्धा."

"आणि तुम्ही कर्ज दिलंत पूर्ण भावावर. सतरा वेळा."

"हो. कारण त्यांची किंमत पूर्ण आहे."

"ते तुम्ही कसं ठरवलंत?"

"आठ वर्षं झाली, आपो. भोवरा तीन वर्षांत मालकाला खातो म्हणतात. सोळा मालक इथे उभे आहेत, मोजून घ्या. ताता सेल्मोंना तर त्यानंतर दोन मुलं झाली."

"तीन," ताता सेल्मो म्हणाला.

थोडंसं हसू फुटलं, पण विल्यारुस हसले नाहीत. "बाई, मालक जगले ते चांगलंच झालं. मी भाव विचारतोय. उद्या बँकेला हा रेडा विकावा लागला तर पूर्ण भाव कोण देईल?"

ओनोरचे डोळे गर्दीत एकाच ठिकाणी होते. तिथे आम्ब्रोसिओ म्हातारा चिरूट विझवून उभा होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे, आणि मला वाटलं आता ती सांगणार. तिने तोंड उघडलंही.

"मी देईन," म्हातारा म्हणाला.

सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. तो काठी टेकत पुढे आला.

"तुम्ही कोण?"

"गुरांचा हेड्या. हिचा बाप. चाळीस वर्षं मी ही जनावरं इथून अर्ध्या भावात नेतो आणि डोंगरापलीकडे पूर्ण भावाला विकतो. तिकडे हा भोवरा कुणी बघत नाही, त्यांचे वाईट भोवरे वेगळे आहेत. ते मी इकडे आणतो." त्याने ओनोरकडे काठी केली. "पोरीने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तिने माझं नाव घेतलं असतं, मी ओळखतो तिला. बापाला चौकात उघडं पाडायची वेळ तिच्यावर कशाला आणू? माझं मीच पडतो."

मग मागून आवाज आला.

"बाजूला व्हा जरा. माझा रेडा माणसं खातो."

बिबियाना. कापितानला कासरा धरून आणत होती, धुतलेला, कपाळावर लाल फडकं. लोक झटकन बाजूला झाले आणि ती सरळ म्हाताऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला तू आला होतास, ताता आम्बो. भाताचे लाडू खाल्लेस, माझं सांत्वन केलंस, आणि दारात जाताना म्हणालास, त्या रेड्याचे अर्धे पैसे देतो, घरातून पीडा जाईल. मी तुला पाया पडून धन्यवाद दिले होते."

"आठवतंय," म्हातारा म्हणाला.

"लाडू परत देशील का?"

आता मात्र चौक हसला. बिबियानाने विल्यारुसकडे तोंड फिरवलं. "बारी बारी, आपो," असं तिने आधी न दिसणाऱ्यांची माफी मागून घेतली, आणि मग मोठ्याने, पालिकेचा कारकून वाचतो तशी, म्हणाली, "कपाळावर एक. डाव्या फऱ्यावर एक. मागच्या उजव्या मांडीवर आतून एक, कबरीचा. माझा नवरा बासी, ती उसाची दारू, पिऊन चिंचेवरून पडला. कापितान तेव्हा नदीत होता. तो झाडावर चढला नव्हता. लिहा."

विल्यारुसनी पेनाचं टोपण काढलं.

त्यानंतरचं काम दुपारपर्यंत चाललं. प्रत्येक अशा जनावराजवळ मालक स्वतःच तिसरा भोवरा ओरडून सांगू लागला, आणि शेवटी शेवटी तर ज्यांच्या जनावरांना तो नव्हता त्यांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. विल्यारुसनी सतराही नोंदी आपल्या हाताने दुरुस्त केल्या, बाजूला सही केली. किमतीच्या रकान्यात आम्ब्रोसिओ गालिनातो यांचा तोंडी भाव म्हणून पूर्ण आकडा लिहिला. बँक चालू राहिली. ओनोरचा एक महिन्याचा पगार कापला, चुकीची यादी दिल्याबद्दल. तिने तो शेरा वाचला, सही केली आणि विचारलं, "आपो, दाखल्यात यापुढे सगळे भोवरे लिहीन. पण वाचायचे कशाला? कुणाची हरकत असेल तो येऊन वाचील." त्या वर्षापासून चौकातलं वाचन बंद झालं.

ती अठ्ठ्याण्णवपर्यंत बँकेत होती. ट्रॅक्टर आले तशी जनावरं कमी झाली. शेवटची दहा वर्षं ती ट्रॅक्टर पाहायची, त्याच छत्रीने चिखल खरवडून, इंजिनाचा नंबर वाचायची. आता बहात्तरची आहे. परवा बाजारात भेटली तेव्हा माझ्या नवऱ्याला पुन्हा धाकट्याच्याच नावाने हाक मारली.

पण मला सांगायचंय ते चौकातल्या दिवसानंतर दीड वर्षाने घडलं. तोवर कबरीच्या भोवऱ्याला गावात पूर्ण भाव यायला लागला होता, कारण आता डोंगरापलीकडची वाट सगळ्यांना ठाऊक झाली होती. आम्बो म्हाताऱ्याचा धंदा बसला. लोकांनी त्याला पाणी विचारायचं सोडलं नाही, बिबियानाने मात्र प्रत्येक प्रार्थनेला लाडू पुढे करताना "पूर्ण भाव" म्हणून हाक मारायची सोडली नाही.

एका सकाळी मी सासऱ्यांचा डबा घेऊन बँकेत गेले होते. म्हातारा आत आला. मागून दोन भाचे खांद्यावर एक बांबू घेऊन, पुरुषभर उंचीचा, मांडीएवढा जाड. त्याने तो काउंटरवर आडवा ठेवायला लावला. बँक उघडल्यापासून दहा वर्षं त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःची मुलगी आत बसते, तिला घरातला आकडा कशाला कळायला हवा, असं तो म्हणायचा.

"पासबुक काढ," तो ओनोरला म्हणाला. "चाळीस वर्षांचं आहे. त्यातलं अर्धं लोकांचं आहे, पण कुणाचं कुठलं ते मला आठवत नाही. इथे असलं म्हणजे कर्ज म्हणून त्यांनाच मिळेल ना?"

"मिळेल, तातांग. व्याजाने."

"व्याज मला?"

"तुम्हाला थोडं. बँकेला थोडं."

म्हाताऱ्याने विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर हेड्याचं ते जुनं हसू येऊन गेलं. ओनोरने खुंटीवरची करवत काढली, बांबूवर गुडघा टेकवला आणि कापायला सुरुवात केली. भुसा उडायला लागला, तसा म्हातारा अस्वस्थ झाला आणि तिच्या मनगटाला हात लावून म्हणाला,

"पेराच्या वर काप गं. बांबू चांगला आहे, परत वापरता येईल."